डिसेंबरचा भाव मार्चमध्ये

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या माणसानं संगणकावर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं. माझं शिक्षण मराठी विषय घेऊन बी.ए. पर्यंतचं. पोटापाण्यासाठी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून त्यावर घर चालवलं. आकड्यांशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. तरीही आज मी तुम्हाला संकेतस्थळाच्या पानावरचा तक्ता उचलून एक्सेलमध्ये कसा ठेवायचा हे सांगणार आहे, कारण हा उद्योग मी केला आणि तो माझ्या बहिणीच्या घराला थोडा महागात पडला.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाजी म्हणतो, फुलंब्री तालुक्यात दिलेली आहे. दूल्हाभाई शेतकरी. आपल्या जिल्ह्यात फुलंब्री, खुलताबाद, कन्नड या भागात अद्रकाची लागवड मोठी, आणि त्यांच्याकडेही सव्वा एकर अद्रक असतं. पुस्तकी मराठीत त्याला आलं म्हणतात. अद्रक हे पीक मोठं चमत्कारिक. एप्रिल-मेमध्ये लावायचं, आठ-नऊ महिन्यांनी काढायला येतं. पण काढलंच पाहिजे असं नाही. भाव नसला तर ते जमिनीत राहू देता येतं. कांदा चाळीत ठेवावा तसं अद्रक मातीतच ठेवता येतं, म्हणा ना. मात्र त्यालाही हद्द आहे. पावसाळा लागला, पाणी साचलं, की कंदकूज धरते आणि सगळा मळा हातचा जातो. तेव्हा प्रश्न दरवर्षी एकच असतो: आता काढायचं की थांबायचं?

२०२३ साली अद्रकाला असा भाव मिळाला की पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. जो तो अद्रकाच्या मागं लागला. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं, आणि २०२५ साल उजाडलं तेव्हा भाव पार खाली आलेले होते. त्या मार्चमध्ये एक व्यापारी शेतावर आला, जागेवरच मालाचा भाव सांगितला आणि इसार म्हणून पाच हजार रुपये ठेवून गेला. दूल्हाभाईंचं मन द्विधा. बाजीचा मला फोन आला, ‘तू शिकलेला आहेस, शहरात राहतोस, बघ काही कळतं का.’

शिकलेला आहेस! या दोन शब्दांनी माणसाचं किती नुकसान होतं पाहा.

बाजारभाव कळण्याचे मार्ग पूर्वी दोनच होते. एक, मोंढ्यात जाऊन आलेला माणूस. आणि दुसरा हा रेडिओ, ज्याच्यासमोर मी आत्ता बसलो आहे. निवेदक शांत आवाजात भाव वाचायचा आणि घरातली पोरंसुद्धा तेवढा वेळ गप्प बसायची. आता महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे भाव असतात. हे मंडळ १९८४ साली स्थापन झालं. केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट २००० सालापासून आहे. शेतमाल निवडला की तक्ता उघडतो: बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. सात रकाने. वर तारीख. मी आधी ‘अद्रक’ शोधत बसलो, सापडेना; मग लक्षात आलं की सरकारदरबारी ते ‘आले’ आहे.

तर आजचा भाव दिसला. पण आजच्या भावानं काय होतं? मला पाहायचं होतं ते असं, की गेल्या सव्वा वर्षात भाव कुठून कुठं गेला. त्यासाठी ही सगळी पानं एका कागदावर यायला हवीत. मी वही घेतली, पट्टीनं रेघा मारल्या आणि उतरवायला बसलो. दीड तासात एक महिनासुद्धा झाला नाही.

माझी भाची, बाजीची धाकटी, शहरात आमच्याकडे राहून बी.कॉम. करते. ती मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘मामू, हे काय चाललंय? कोणत्या जमान्यात आहात तुम्ही?’ आणि तिनं माझ्या ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकून दिलं.

एक्स्टेन्शनला मराठीत काय म्हणावं? ‘विस्तारक’ म्हणता येईल, पण आमच्याकडे विस्तार म्हटलं की पंचायत समितीतला विस्तार अधिकारीच डोळ्यांपुढे येतो. आपण एक्स्टेन्शनच म्हणू. आपण ज्याच्यातून इंटरनेट पाहतो त्या क्रोम किंवा फायरफॉक्सला जोडलेलं ते एक छोटं अवजार. नांगराला जसा वेगळा फाळ लावावा, तसं. टेबल कॅप्चर, इन्स्टंट डेटा स्क्रेपर अशी त्यांची नावं असतात. काम एकच: पानावरचा तक्ता ओळखायचा आणि तो एक्सेलला समजेल अशा रूपात काढून द्यायचा.

ते ओळखतं कसं? भाचीनं मला पानाची आतली बाजू दाखवली. आपल्याला जे पान सुबक दिसतं, त्याच्या मागं साधा मजकूर असतो आणि त्यात खुणा असतात: इथून तक्ता सुरू, इथून ओळ सुरू, हा एक खाना, हा दुसरा, इथं ओळ संपली. मला लगेच माझं मुद्रितशोधन आठवलं. आम्हीही समासात अशाच खुणा करतो. वाचकाला त्या दिसत नाहीत, जुळाऱ्याला दिसतात. एक्स्टेन्शन त्या खुणा वाचतं, प्रत्येक खाना एक्सेलच्या एकेका चौकटीत ठेवतं. तुम्ही फक्त बटण दाबायचं. सव्वा वर्षाचे भाव चहा थंड व्हायच्या आत माझ्यासमोर आले. खरं सांगतो, मला वहीची थोडी लाज वाटली.

एक्सेलसारख्या या आडव्या-उभ्या चौकटींच्या पानाचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत हार्वर्डला व्यवस्थापन शिकणारा डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडत. मधला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते पाहून त्याच्या डोक्यात आलं की हे आपोआप व्हायला हवं. बॉब फ्रँकस्टन या मित्राला बरोबर घेऊन त्यानं १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ आणलं. एक्सेल त्यानंतरचं, १९८५ सालचं. आपल्याकडे हे काम शतकानुशतकं कीर्द-खतावणीनं केलं. तारीख, रक्कम, जमा, खर्च, बाकी, हिशेब हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. ज्या क्विंटलवर आपला शेतकरी माल मोजतो, तो शब्दसुद्धा अरबी ‘किंतार’वरून आलेला. युरोपची सहल करून आपल्याकडे आला. मला अशा गोष्टींत फार रस. दूल्हाभाईंना नाही. त्यांना काढायचं की थांबायचं हे हवं होतं.

भाचीची परीक्षा होती, ती अभ्यासाला लागली. आता पुढचं मी एकट्यानं केलं.

पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा बाजार समित्यांची नावं गायब. ‘सातारा’, ‘नागपूर’ यांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि कसलीतरी चिन्हं. मी घाबरलो. पण हा आजार साधा आहे. अशी फाइल सीएसव्ही नावाच्या साध्या रूपात येते. ती सरळ दोनदा टिचकी मारून उघडली तर एक्सेलला कळत नाही की आत देवनागरी आहे. एक्सेलच्या ‘डेटा’ या भागात जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट’ निवडायचं आणि ‘यूटीएफ-८’ सांगायचं. मराठी ताबडतोब दिसायला लागतं. दुसरी अडचण तारखेची. पानावर तारीख एकदाच वर लिहिलेली, तिच्याखाली दहा-बारा बाजार समित्या. माणसाला हे समजतं. एक्सेलला प्रत्येक ओळीत तारीख लागते. गझलेतल्या शेरासारखी प्रत्येक ओळ तिथं आपल्या पायावर उभी असावी लागते, वरच्या ओळीचा आधार चालत नाही. मी त्या तारखा खाली ओढून प्रत्येक ओळीला दिल्या. महिन्याचं नाव अक्षरात दिसावं म्हणून तारखांचं रूपही बदललं. काहींचं बदललं, काहींचं बदललं नाही. संगणकाची लहर असेल म्हणून मी पुढं गेलो. मग महिनावार सरासरी काढली.

आणि पाहतो तो काय, बाराही महिन्यांची सरासरी जवळजवळ सारखी! शंभर-दीडशे रुपये इकडं तिकडं. म्हणजे भाव पडतबिडत काही नाही, स्थिर आहे. मी फोन केला. म्हटलं, ‘दूल्हाभाई, घाई करू नका. सव्वा वर्षाचा हिशेब माझ्यासमोर आहे. व्यापारी घाबरवतो आहे. थांबा.’

त्यांनी इसार परत केला.

दहा-बारा दिवसांनी मी गावी गेलो. तक्ता कागदावर छापून नेला होता, जरा मिरवायलाच म्हणा. दूल्हाभाई सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी चष्मा लावला, कागद ओट्यावर पसरला आणि बोट फिरवत वाचायला लागले. आधी म्हणाले, आषाढात आणि माघात एकच भाव, असं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही. मी म्हटलं, आकडे सरकारी आहेत. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथं लिहिलं होतं: ३ डिसेंबर २०२५. तेव्हा मार्च संपत होता.

ते माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘डिसेंबर आया बी नै, भाव कैसा आया रे?’

श्रोतेहो, घरातलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

झालं होतं असं. आपण तारीख लिहितो ती दिवस, महिना, वर्ष अशी. अमेरिकेत महिना आधी, मग दिवस. माझ्या संगणकाची मांडणी अमेरिकी होती; विकत घेतल्यापासून तशीच असणार, मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे १२/०३/२०२५, म्हणजे आपला १२ मार्च, त्यानं ३ डिसेंबर म्हणून वाचला. ०५/०१ चा ५ जानेवारी १ मे झाला. आणि तेराव्या तारखेपासून पुढं? तेरावा महिना नसतो, म्हणून त्या तारखांना त्यानं तारीख मानलंच नाही. नुसता मजकूर समजून बाजूला ठेवलं. म्हणूनच काहींचं रूप बदललं नव्हतं. म्हणजे महिन्याचे अठरा-एकोणीस दिवस हिशेबातच नव्हते, आणि जे होते ते भलत्या घरात जाऊन बसले होते. प्रत्येक महिन्याची तीन तारीख मार्चमध्ये, प्रत्येक महिन्याची चार तारीख एप्रिलमध्ये. मार्चच्या नावाखाली बाराही महिन्यांचे भाव एकत्र आले, एप्रिलच्या नावाखालीही बाराही महिन्यांचे. मग सगळ्या महिन्यांची सरासरी सारखी येणार नाही तर काय होणार? भावाची उतरण त्या गोंधळात सपाट होऊन गेली होती.

आणि हे दिसण्यासारखं होतं. एकाच रकान्यात दोन तऱ्हेच्या तारखा, काही उजवीकडे टेकलेल्या, काही डावीकडे. कुणाच्या पुस्तकाच्या मुद्रितात हे आलं असतं तर मी लाल शाईनं पान भरवलं असतं. आकडे म्हटल्यावर माझी नजर झुकली.

ही फजिती एकट्या बी.ए.वाल्याची नाही, एवढंच एक समाधान. जनुकांवर काम करणारे शास्त्रज्ञही यात सापडले. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशी काही जनुकांची नावं होती. एक्सेल त्यांच्या परस्पर तारखा करून टाकी. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं त्या जनुकांचीच नावं बदलली. माणसानं यंत्राला समजवायच्या ऐवजी जनुकाला समजावलं! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये करोनाच्या जवळजवळ १६ हजार रुग्णांची नोंद काही दिवस मागं राहिली, कारण एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढं ओळी मावत नाहीत, आणि उरलेल्या गळून गेल्या तरी फाइल काही ओरडत नाही.

आम्ही त्याच रात्री भाचीला फोन केला. तिच्या लॅपटॉपची मांडणी भारतीय होती. तिनं नव्यानं सगळं उतरवलं आणि अर्ध्या तासात खरं चित्र आलं: जानेवारीपासून आठवड्यागणिक उतरता भाव. दूल्हाभाईंनी व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो आला, पण क्विंटलमागे तीनशे रुपये कमी सांगून. ऐंशी क्विंटल माल गेला. चोवीस हजारांचा फरक. बाजीनं हा आकडा आजपर्यंत माझ्यापुढं उच्चारलेला नाही. मीच गुणाकार केला, आणि तो मात्र बरोबर आला.

उरलेलं अद्रक त्यांनी जमिनीत ठेवलं, काही बेण्यासाठी, काही भावासाठी. त्या काळात मी दर आठवड्याला तक्ता पाहून भाव सांगायचो. चूक धुऊन काढायची घाई झाली होती मला. एकदा उत्साहानं म्हटलं, अमुक बाजारात सगळ्यात जास्त दर आहे, गाडी तिकडं लावा. त्यांनी विचारलं, ‘आवक किती?’ मी रकाना पाहिला. दोन क्विंटल. ते म्हणाले, दोन क्विंटलला लागलेला भाव माझ्या गाडीला कोण देणार? असं एखाद्या हॉटेलवाल्यानं चांगला निवडक माल उचलला असेल.

यात मोठा हिशेब दडलेला आहे. समजा एका बाजारात दोन क्विंटल माल चार हजारांनी गेला आणि दुसऱ्यात दोनशे क्विंटल दोन हजारांनी. दोन्ही दरांची सरासरी घातली तर तीन हजार येते आणि ऐकायला गोड वाटते. पण आवकेचं वजन धरून काढली तर ती २,०२० रुपये येते. शेतकऱ्याच्या हाती पडण्याच्या जवळ हा दुसरा आकडा आहे. बातम्यांत नेहमी सगळ्यात वरचा दर येतो. तो खोटा नसतो, दोन क्विंटलचा असतो.

नावांचीही एक गंमत सांगायची राहिली. बाजीच्या थोरल्या मुलानं कृषी पदविका करताना २०१९ साली काही भाव उतरवून ठेवले होते. ती फाइल आम्ही नव्या तक्त्याला जोडली. जुन्या फाइलमध्ये आपल्या बाजाराचं नाव औरंगाबाद, नव्यात छत्रपती संभाजीनगर. २०२३ साली नाव बदललं. जाधववाडीची बाजार समिती तिथंच आहे, तोलकाटा तोच, हमाल तेच. पण एक्सेलच्या लेखी एक गाव अचानक संपलं आणि दुसरं अचानक सुरू झालं. उस्मानाबाद-धाराशिव, अहमदनगर-अहिल्यानगर यांचंही तेच. नावांबद्दल ज्याचं त्याचं मत असो. भावाची रेघ मात्र मध्ये तुटू देऊन चालत नाही. भाचीनं बाजूला एक छोटी यादी केली: हे नाव आलं तर ते समजावं. मला याची सवय आहे. माझं नाव रेशनकार्डावर एक, मतदारयादीत दुसरं आणि कवितासंग्रहावर तिसरं आहे. ‘शेख’चा ‘शैख’ झाला की खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, हे तुम्हीच का? तिथंही अशी एक यादी ठेवायला हवी.

आता ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एक्स्टेन्शन बसवताना एक सूचना येते, की हे अवजार तुम्ही उघडाल त्या सर्व संकेतस्थळांवरची तुमची माहिती वाचू शकेल आणि बदलू शकेल. आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. ती वाचा. जो तक्ता वाचू शकतो तो तुमच्या बँकेचं पानही वाचू शकतो. २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या कंपनीच्या एक्स्टेन्शनमध्ये चोरांनी शिरकाव करून बिघडवलेली आवृत्ती लोकांच्या संगणकांवर पोचवली. आणि ही कंपनी कशाची, तर माहितीच्या सुरक्षेची. म्हणून आमच्या घरी आता या कामासाठी ब्राउझरमध्ये वेगळं खातं आहे, त्यात बँक नाही, मेल नाही. एक्स्टेन्शनला परवानगीही टिचकी मारल्यावरच, एरवी नाही. आणि पुष्कळदा त्याची गरजही नसते. एक्सेलमध्येच ‘फ्रॉम वेब’ अशी सोय आहे. गुगल शीट्समध्ये ‘इम्पोर्ट-एचटीएमएल’ नावाचं सूत्र आहे, पानाचा पत्ता दिला की तक्ता थेट येतो. सगळ्याच पानांवर ते चालत नाही, पण आधी तेच करून पाहावं.

जिथं यातलं काहीच चालत नाही अशी एक जागा आहे, तिच्याबद्दल मात्र मला राग आहे. कित्येक कार्यालयं तक्ता छापतात, त्यावर शिक्का मारतात, वाकडा स्कॅन करतात आणि त्याचं चित्र संकेतस्थळावर चढवतात. त्या चित्रात खुणा नसतात, ओळ नसते, खाना नसतो. माहिती दाखवली जाते, दिली जात नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात कार्यालयांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावी असं आहे. २०१२ साली केंद्र सरकारनं धोरणही केलं, की सरकारी आकडेवारी यंत्राला वाचता येईल अशा रूपात खुली करावी. शिक्का मारलेल्या चित्राला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. पणन मंडळाचा भावाचा तक्ता निदान तक्ता म्हणून मिळाला, म्हणून सातवी शिकलेल्या शेतकऱ्याला त्यात माझी चूक सापडू शकली. चित्र असतं तर मी उतरवत बसलो असतो आणि चूक वहीतच राहिली असती.

असो. गेल्या हंगामापासून आमच्या तक्त्यात आठवा रकाना आला आहे. ही कल्पना दूल्हाभाईंची. सरकारी सात रकान्यांच्या पुढं, हमाली, तोलाई आणि गाडीभाडं जाऊन आपल्या हातात काय पडलं, तो आकडा. त्यासाठी त्यांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढून दिला. त्यात २०११ पासूनच्या हिशेबपट्ट्या आहेत, कार्बनच्या, पुसट झालेल्या. भाची एकेक पट्टी उजेडात धरून वाचते, मी तारीख सांगतो. महिन्याचं नाव आता आम्ही अक्षरातच लिहितो.

परवा एक पट्टी अशी निघाली की पावसात भिजून तिच्यावरचा आकडा पूर्ण गेलेला. तारीख तेवढी शिल्लक. भाची म्हणाली, मागच्या-पुढच्या पट्टीची सरासरी घालू का? दूल्हाभाई दारात उभे राहून दात कोरत होते. म्हणाले, ‘नको. खाली रहने दे. उस दिन का मेरे को बी याद नै.’

ती चौकट रिकामीच आहे.